पर्याय निवडायला काय द्यावं: रेडिओ बटणं, सिलेक्ट की स्वतः बनवलेला ड्रॉपडाउन?

वेब फॉर्ममध्ये पर्याय पाच-सहाच असतील तर फार विचार करू नका, रेडिओ बटणं (एकच निवडता येणारी गोल बटणं) द्या. सगळे पर्याय एकदम समोर दिसतात, काही लक्षात ठेवावं लागत नाही आणि आवाजी आज्ञांनी संगणक चालवणाऱ्याला दिसणारं लेबल उच्चारून थेट निवड करता येते. फक्त एचटीएमएलमध्ये बटणांचा गट फील्डसेट या टॅगमध्ये आणि प्रश्न त्यातल्या लेजंड टॅगमध्ये हवा. नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं 'हो', 'नाही' ऐकवतो आणि प्रश्न कोणता होता ते कळत नाही. लेबल बटणाशी जोडलेलं असेल तर त्यावर क्लिक केलं तरी चालतं, त्यामुळे हात थरथरणाऱ्यांना बारीक गोलावर नेम धरावा लागत नाही.

यादी लांबली की खरा प्रश्न येतो.

सिलेक्ट म्हणजे ब्राउझरची तयार ड्रॉपडाउन यादी. तिच्यासोबत बरंच काही आयतं मिळतं: बाणांच्या कळा, पहिलं अक्षर दाबून उडी, एस्केपने बंद होणं, मोबाइलवर फोनचाच पिकर (निवडीची यादी). उघडलेल्या यादीचं रूप सगळ्या ब्राउझरांत मनासारखं बदलता येत नाही, हा डिझायनरांचा जुना राग. पण बंद चौकटीचे रंग, कडा, फॉन्ट सीएसएसने बदलतात आणि बहुतेकदा तेवढं पुरतं. घोळ होतो तो वापरात. 'देश निवडा' हा पहिला पर्यायच लेबल म्हणून ठेवला, तर निवड झाल्यावर लेबल गायब. त्याहून वाईट म्हणजे निवड बदलताच नवं पान उघडणं. विंडोजवर बंद सिलेक्टवर खालचा बाण दाबला की मूल्य तिथल्या तिथे बदलतं, त्यामुळे कीबोर्डवाला पहिल्याच पावलाला भलत्या पानावर पोहोचतो. शेजारी 'जा' बटण द्या. एकाहून जास्त निवडी हव्या असतील तर सरळ चेकबॉक्स.

स्वतः बनवलेला ड्रॉपडाउन घ्यावा तो शेकडो नोंदींत टाइप करून शोधायचं असेल तेव्हाच. कोणता भाग काय आहे ते स्क्रीन रीडरला कळावं म्हणून कोडमध्ये आरिया ही खुणांची पद्धत वापरतात: इनपुटला (टाइप करायच्या चौकटीला) कॉम्बोबॉक्स, यादीला लिस्टबॉक्स, ओळीला ऑप्शन हे रोल, उघड-बंद सांगायला आरिया-एक्स्पांडेड, चालू ओळीसाठी आरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट. इथवर बहुतेक जण येतात. पुढचं राहून जातं. कीबोर्डचा फोकस इनपुटमध्येच असल्याने ब्राउझर यादी सरकवत नाही. चालू ओळ कडेखाली नाहीशी होते, तिला कोडनेच दृष्टीत आणावं लागतं. विंडोजच्या कॉन्ट्रास्ट थीममध्ये (कमी दिसणाऱ्यांसाठीच्या ठळक रंगसंगतीत) तुमचा पार्श्वरंग उडतो आणि कोणती ओळ चालू आहे ते कळत नाही. त्या ओळीला 2 पिक्सेलची पारदर्शक आउटलाइन (बाहेरची कड) द्या, त्या थीममध्ये ती आपोआप दिसू लागते. '12 पर्याय सापडले' हे लाइव्ह रीजनमधून (ज्यातला बदल स्क्रीन रीडर आपोआप वाचतो अशा भागातून) सांगा, पण टायपिंग थांबल्यावर. दर अक्षराला बोललं तर ऐकणारा वैतागतो. ओळीची उंची किमान 24 सीएसएस पिक्सेल ठेवा (वेब सुलभतेचे निकष डब्ल्यूसीएजी 2.2, एए पातळी), अंगठ्यासाठी 44 बरी.

आणि फोनवर तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका. टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन) हे फोनमधले स्क्रीन रीडर चालू असताना बोट बाजूला सरकवलं की बाणाची कळ दाबली जात नाही, त्यामुळे बाणांसाठी लिहिलेला कोड चालतच नाही. यादी पानाच्या कोडमध्ये अगदी शेवटी जोडली असेल, तर इनपुटनंतर बोट थेट पुढच्या रकान्यावर जातं आणि उघडलेली यादी ऐकूच येत नाही. ती कोडमध्ये इनपुटच्या लगेच नंतर ठेवा.