थंड पाण्यात मुरलेला शिझुओकाचा सेनचा

तोक्योतील पावसाळा जुलैच्या उत्तरार्धात सरतो आणि त्यानंतरचे काही आठवडे हवा अशी असते की, ज्याने मुंबईचा मे महिना काढला आहे त्याला ती लगेच ओळखीची वाटावी. पारा ३५ अंशांच्या आसपास असतो, दमटपणा अंगाला चिकटतो आणि उकाडा रात्रीही उतरत नाही. निशि-कासाईतील आमच्या घरात या दिवसांत सकाळचा आल्याचा चहा तेवढा टिकून राहतो. दुपारच्या चहाची जागा मात्र मिझुदाशीने, म्हणजे थंड पाण्यात मुरवलेल्या ग्रीन टीने घेतली आहे. यंदा त्यासाठी मी शिझुओका प्रांतातील माकिनोहारा पठारावरचा फुकामुशी सेनचा, म्हणजे जास्त वेळ वाफवलेली जपानी ग्रीन टी, आणि तोंडाशी जाळी असलेली ७५० मिलिलिटरची काचेची बाटली उन्हाळाभर रोज वापरली.

सेनचाची पाने खुडल्यावर लगोलग वाफवतात, त्यामुळे ती काळी न पडता हिरवी राहतात. वाफवून, वळून, वाळवण्याची ही रीत १७३८ साली क्योतोजवळच्या उजी भागातील नागातानी सोएन यांनी बसवली असे मानले जाते. फुकामुशी प्रकारात ही वाफ नेहमीच्या सेनचापेक्षा साधारण दुप्पट वेळ देतात. पाने मऊ पडून मोडतात, म्हणून पाकीट उघडल्यावर आत सुयांसारख्या अखंड पानांऐवजी बराचसा चुरा दिसतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला माल हलका लागला अशी शंका येऊ शकते, परंतु थंड पाण्यासाठी हा चुराच उपयोगी पडतो, कारण गार पाणी सावकाश काम करते आणि मोडलेले पान आपला अर्क त्याला लवकर देते.

कृती अशी काही नाहीच. १० ग्रॅम सेनचा, म्हणजे आपल्या पोह्यांच्या चमच्याने साधारण दोन भरलेले चमचे, बाटलीत घालावा, वरून गार पाणी ओतावे आणि बाटली तीन तास फ्रीजमध्ये ठेवावी. ओतण्यापूर्वी ती एकदा हलक्या हाताने आडवी-उभी करावी, नाही तर पहिला पेला फिका आणि शेवटचा दाट होतो. तळाशी फुगून बसलेली पाने वर उठतात, पाण्यात हिरवे ढग पसरतात आणि पेल्यात उतरणारा चहा कोवळ्या मुगाच्या शेंगेच्या रंगाचा, किंचित गढूळ असतो.

चव हाच या चहाचा खरा गुण आहे. गेल्या ऑगस्टमध्ये नागपूरहून आलेल्या आईला मी काही न सांगता पहिला पेला दिला. दोन घोट घेऊन तिने विचारले, "साखर घातलीस का गं?" साखरेचा कणही नव्हता. चहाच्या पानातील थिअनिन हे अमिनो आम्ल गार पाण्यातही चांगले विरघळते आणि तो गोडसर, जिभेवर रेंगाळणारा स्वाद त्याचाच असतो. याउलट कॅफिन आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिने मोकळी व्हायला उष्णता लागते. उकळत्या पाण्याने कडू केलेली ग्रीन टी नाक मुठीत धरून पिणाऱ्यांना हे त्याच पानाचे रूप आहे यावर विश्वास बसणार नाही. ज्यांना कॅटेचिनांसाठीच ग्रीन टी प्यायची आहे, त्यांनी मात्र गरमच करावी. शिवाय बाटली रात्रभर ठेवली तर कॅफिन हळूहळू वाढत जाते, तेव्हा गार आहे म्हणून ते नाहीच असे समजू नये.

दोन अनुभव आवर्जून सांगायला हवेत. पहिल्या उन्हाळ्यात मी एका दुकानातून थंड पाण्यासाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणल्या होत्या. रंग झटकन येई, पण चव ओल्या गवतासारखी होती आणि गोडवा अजिबात नव्हता, तेव्हापासून मी सुटा चहाच घेते. दुसरा धडा साठवणीचा आहे. उघडलेले पाकीट नुसते दुमडून मी फ्रीजमध्ये हिंगाच्या डबीशेजारी ठेवले आणि आठवड्याभरात सगळ्या चहाला हिंगाचा वास लागला. चहाचे पान वास फार पटकन ओढून घेते. आता तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर असतो आणि महिन्याभरात संपवला जातो.

बाटलीबद्दल माझे मत संमिश्र आहे. जाळी चुरा बऱ्यापैकी अडवते, तरी शेवटच्या पेल्यात गाळ येतोच. मान अरुंद असल्याने हात आत जात नाही आणि लांब दांड्याचा ब्रश वेगळा घ्यावा लागला. पाण्याला उकळी फुटलेली नसल्यामुळे हा चहा त्याच दिवशी संपवावा आणि बाटली रोज नीट घासावी. भारतात करायचे असेल तर पाणी उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे हवे. बोअरच्या जड पाण्यात सेनचाचा गोडवा दबतो, इथल्या नळाचे पाणी मऊ असल्याचा फायदा आम्हांला आपोआप मिळतो.

१०० ग्रॅमला मी १,००० येनच्या आसपास मोजले आणि त्यात दहा बाटल्या झाल्या, म्हणजे पाऊण लिटरला १०० येन पडले. तेवढ्यासाठी ही चव मला स्वस्तच वाटते. तिखट रश्श्यासोबत ती हरवते, दहीभातानंतर किंवा चारच्या सुमारास नुसती घेतली तर पुरेपूर कळते. उरलेल्या पानांवर संध्याकाळी गरम पाणी ओतले की आत राहिलेला तुरटपणा उतरतो आणि एक साधा, ठसठशीत चहा मिळतो. त्यानंतर पिळून घेतलेली ती मऊ पाने आई थालीपिठाच्या भाजणीत मेथीसारखी मळून टाकत असे, आणि ती थालीपिठे खरोखरच चांगली लागत.