एचडीपीई ग्रो बेड (४ बाय २ फूट), फोंड्याच्या पावसात वर्षभर वापरून

आम्ही फोंड्याला भाड्याच्या घरात राहतो, मागे चार माड आणि बाकी सगळा जांभा, कुदळ मारली की खण्णकन आवाज येतो. दोन वर्षं जमिनीतच भाजी लावून बघितली, मुळे निघायचे ते बोटभर आणि खाली दोन पाय फुटलेले. म्हणून गेल्या मे महिन्यात हे हिरवे बेड, म्हणजे विणलेल्या जाड प्लास्टिकच्या (एचडीपीई) शिवलेल्या चौकोनी पिशव्या, ऑनलाइन मागवले, उंची १ फूट, असे तीन. एक साडेपाचशेला पडला.

पण खरा खर्च भरण्याचा आहे हे आधीच सांगते. एक बेड म्हणजे ८ घनफूट, सव्वादोनशे लिटर माल. मी तळाला नारळाची सोडणं आणि सुका पाला घातला, वर माती, शेणखत, गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड आणि कोकोपीट. कोकोपीट दोनतीन पाण्यांनी धुऊनच घाला, त्यातल्या खाराने कोवळी रोपं करपतात. आपली माती आंबट, म्हणून तिच्यात चुना पंधरा दिवस आधीच मिसळून ठेवला होता. आणि टेरेसवर ठेवणार असाल तर स्लॅबचा विचार करा, भिजला की एकेक बेड दोनशे किलोच्या वर जातो.

आता तक्रार. तळाला भोकं फक्त चार! जूनमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही, बेडमध्ये बोट घातलं तर नुसता चिखल आणि आंबूस वास, मिरचीची अकरा रोपं बुडापाशी काळी पडून गेली, मला रडूच आलं. मग शेजारच्या काकींच्या मुलाला हाक मारली, अर्धी माती उपसली, खाली जांभ्याचे चिरे सरकवले आणि बाजूंना जमिनीपासून दोन बोटं वर तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडली. खिळा तापवूनच घ्या, कडा वितळून बसते, विणीचे धागे सुटत नाहीत. एका बेडची कोपऱ्यातली शिवण पण उसवली. कंपनीला फोटो पाठवले तर भरल्यावर बदलून मिळत नाही म्हणाले, अहो पण भरल्याशिवाय शिवण टिकते की नाही कळणार कसं? शेवटी मासे गरवायच्या तंगूसने (नायलॉनच्या दोऱ्याने) मीच शिवली, अजून घट्ट आहे.

चिरे लावल्यानंतर मात्र पाणी कधी साचलं नाही. सात शिरांचे भेंडे चतुर्थीला घरचे होते, थंडीत एकाच बेडमधून तांबडी भाजी (लाल माठ) तीनदा कापली आणि मुळा उपटला तर सरळ, वीतभर, पांढराशुभ्र, धुऊन तिथेच खाल्ला. गोगलगायी वर चढतातच, पावसात रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. माती पहिल्या वर्षात चार बोटं खाली बसली, वरून शेणखताची भर घातली.

भाड्याच्या घरात खणायला परवानगी नसेल तर जरूर घ्या, फक्त चिरे आणि भोकं आधी, माती नंतर. मी अजून दोन मागवतेय, दुसऱ्या कंपनीचे, दुहेरी शिवणीचे. घर स्वतःचं असतं तर चिऱ्यांचेच वाफे बांधून घेतले असते.