वाटाण्याच्या एसएसआर मार्करसाठी मेटाफॉर अगारोज: कुठे चालतं, कुठे फसवतं

अर्केल आणि बोनव्हिल हे वाटाण्याचे दोन्ही वाण सुरकुतलेल्या दाण्यांचे. नुसतं बी बघून वाण सांगणं कठीण, म्हणून एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त्यांच्या लांबीवरून वाण ओळखण्याच्या खुणा. पण मार्कर कितीही चांगला असो, जेलने वेगवेगळ्या लांबीच्या डीएनए तुकड्यांचे पट्टे वेगळे केले नाहीत तर उपयोग शून्य. साधं अगारोज इथे कमी पडतं. मेटाफॉर हे लांबीतला बारीक फरक दाखवणारं अगारोज महाग आहे, तरी दुसरा पर्याय असलेल्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची विषारी कटकट टाळायची असेल तर पैसे वसूल होतात.

१५० ते ३०० बेसजोड्यांच्या तुकड्यांना ३ टक्के जेल पुरतं. १०० मिलि टीबीई बफर (जेल चालवायचं द्रावण) आधी फ्रिजमध्ये गार करा, जोरात ढवळत ३ ग्रॅम पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा. कोमट बफरमध्ये एकदम ओतलीत तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि नंतर कितीही उकळा, त्या मोडत नाहीत. १५ मिनिटं भिजवा, फ्लास्कचं वजन लिहून ठेवा, मध्यम आचेवर मायक्रोवेव्ह करा, उडालेलं पाणी गरम पाण्याने भरून काढा. जेल घट्ट झालं की अर्धा तास ४ अंशांवर ठेवाच. ही पायरी गाळली की पट्टे फिसकटतात. खाचा पाडणारा कंगवा बफर ओतूनच काढा, नाहीतर नमुने भरायच्या या खाचा फाटतात. व्होल्टेज सेंटिमीटरला ५ व्होल्टच्या वर नको.

आता मर्यादा. लांबीतला २ टक्के फरक दिसतो, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे २०० बेसजोड्यांना ४. वाटाण्याच्या अनेक एसएसआरमध्ये दोन-दोन बेसची पुनरावृत्ती असते. मग एकाच मार्करची वेगळ्या लांबीची रूपं, म्हणजे १८० आणि १८२ चे अ‍ॅलील एकाच पट्ट्यात मिसळतात. समजा, दहा वाणांत १८०, १८२, १८८ हे अ‍ॅलील ४, ३, ३ असे आहेत. खरी जनुकीय विविधता (१ वजा प्रत्येक वाट्याच्या वर्गांची बेरीज) ०.६६, जेलवर ती ०.४२ दिसते. वाण आहेत त्यापेक्षा जवळचे वाटतात, ही चूक आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते. त्यामुळे वाण ओळखायला आणि बियाण्याची शुद्धता तपासायला मेटाफॉर जरूर घ्या. विविधतेचे आकडे छापायचे असतील तर तेच नमुने कॅपिलरीवर, म्हणजे बारीक नळीतून तुकड्यांची लांबी मोजणाऱ्या यंत्रावर चालवा.

वाटाणा स्वपरागी, म्हणून एका झाडाच्या डीएनएत सहसा एकच पट्टा हवा. दोन दिसले आणि डीएनए दहा रोपांचा एकत्र काढलेला असेल, तर आधी भेसळीचा संशय घ्या. वर मंद तिसरा पट्टा असेल तर तो बहुधा हेटेरोड्युप्लेक्स (दोन वेगळ्या रूपांच्या धाग्यांची चुकीची जोडी), नवा अ‍ॅलील म्हणून मोजू नका.

प्रत्येक जेलच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकाच वाणाचा नमुना भरा. जेल तापून पट्टे कडेला वाकले तर लगेच कळतं.