मॉडेल टी बंबाचं किट, काही महिन्यांनंतर: सगळं झकास, टायर सोडून

मागच्या डाव्या चाकाची रिम टायरने खाल्ली. किट जोडून केलेली ही प्लास्टिकची छोटी गाडी काचेच्या कपाटात उभी होती, ऊन नाही, धूळ नाही, कुणाचा हात लागलेला नाही. पुसायला बाहेर काढली तर एका बाजूला कललेली दिसली. टायर अलगद सोडवायला गेले, तर त्याच्याबरोबर रिमचं प्लास्टिकही तापलेल्या गुळासारखं ताणलं गेलं आणि त्याची बारीक तार सुटली. आरे शाबूत, आऱ्यांवरचा लाकडी रंग शाबूत. फक्त टायर जिथे जिथे टेकत होता तिथे प्लास्टिक मऊ पडून चर गेलेली. बाकीची तीन चाकंही त्याच वाटेवर होती. हे घडायच्या आधी कुणी विचारलं असतं, तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

किट म्हणजे 1:16 मधला, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढा, फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीवरचा केमिकल बंब. पितळी रेडिएटर, कार्बाइडचे दिवे, बाजूला शिड्या, मागे टाकी. खोका आणि पार्ट यांची माहिती सगळीकडे आहे, ती पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण हा रोग एका कंपनीचा नाही. विनाईलचे टायर देणाऱ्या कुठल्याही किटला तो होऊ शकतो.

कारण साधं आहे. विनाईल म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक असतं, मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर मिसळतात. तो कायमचा बांधलेला नसतो, हळूहळू बाहेर झिरपत राहतो. किटचे बाकीचे पार्ट पॉलिस्टायरीनचे. ते या प्लास्टिसायझरने विरघळून मऊ पडतं. त्यात टायर रिमवर ताणून बसवलेला, म्हणजे दाब सतत, आणि हवा गरम असेल तर सगळं आणखी लवकर. ॲक्रिलिक रंग मध्ये असला तरी तोही चिकट होतो आणि सोडून देतो.

माझा राग चाक गेलं याचा नाही, सूचनापत्राचा आहे. इतक्या पानांचं पुस्तक, रंगांच्या नंबरांचा तक्ता, डेकल (भिजवून चिकटवायची छापील चित्रं) पाण्यात किती सेकंद ठेवायचे तेसुद्धा दिलंय. टायरबद्दल फक्त एक बाण: रिमवर चढवा. ‘आधी रिमला फॉइल लावा’ एवढं एक वाक्य छापायला काय जात होतं?

फोटो काढून सेवा विभागाला पाठवले. उत्तर आलं, ग्लू जास्त वापरल्यामुळे असं होतं. टायरला ग्लू लागतच नाही, तो नुसता चढवायचा असतो, हे त्यांच्याच पुस्तकात त्यांच्याच बाणाने दाखवलंय. ते पान उलट पाठवलं. मग बिलाचा फोटो मागितला, तोही दिला. मग शांतता. शेवटी उरलेल्या स्प्रूचा, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा, एक तुकडा घेतला, अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची चिकट फॉइल लावली आणि त्यांचाच टायर वर दोऱ्याने बांधून ठेवला. काही आठवड्यांनी सोडला तर उघड्या भागावर टायरच्या काठाची खाच उमटलेली, फॉइलखाली प्लास्टिक गुळगुळीत. तो फोटो गेल्यावर मात्र चाकांचा नवा स्प्रू आला. सोबत टायरही आले, तसलेच, आणि त्याच पिशवीत स्प्रूला चिकटवून! पिशवी उघडल्याबरोबर आधी ते वेगळे केले. प्लास्टिकला विनाईल लागायला गाडी बनवावी लागत नाही, बंद खोक्यातही हेच होतं.

आता किटची बाजू, कारण ती खरंच दमदार आहे. मॉडेल टीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 100 इंच, म्हणजे 1:16 ला जवळजवळ 159 मिलिमीटर. पट्टी लावून पाहिलं, बरोबर उतरला. चाकांना बारा-बारा आरे, खऱ्यासारखे. चार सिलिंडरचं इंजिन एवढं नीट केलंय की बॉनेट चिकटवायला हात धजत नाही, मी ते सुटंच ठेवलंय. पायाशी तीन पेडल आहेत: डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटरचा दांडा स्टिअरिंगखाली उजवीकडे, तोही केसाएवढा बारीक वेगळा पार्ट दिलाय. निपरने थेट तोडू नका, तुटेल. आधी स्प्रू लांबून कापा, मग कटरने हळूहळू सोडवा.

सुरुवातीला मला मागची टाकी म्हणजे जागा भरायला ठेवलेलं पिंप वाटली होती. पंप नाही तर बंब कसला, असंही वाटलं. बांधता बांधता तिच्याबद्दल वाचलं आणि मत पूर्ण बदललं. मॉडेल टीचं इंजिन जेमतेम 20 अश्वशक्तीचं, त्यावर मोठा पंप चालवणं अवघडच. म्हणून टाकीत खायच्या सोड्याचं पाणी आणि वरच्या तोंडाशी सल्फ्युरिक ॲसिडची बाटली. आगीच्या जागी पोचलं की ॲसिड आत सोडायचं, कार्बन डायऑक्साइड तयार होऊन दाब वाढतो आणि पाणी पाइपातून स्वतःच उसळतं. पंपाची गरजच नाही. अमेरिकन लाफ्रान्ससारख्या बंब बांधणाऱ्यांनी फोर्डच्या चेसिसवर असे हलके बंब केले. झाकणावरचा तो छोटा दांडा, जो मी नुसती नक्षी समजून काळा रंगवणार होते, तो याच कामाचा. आता तो पितळी रंगवलाय आणि अख्ख्या गाडीत माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

सोनेरी मुलामा दिलेल्या पार्टांबद्दल दोन शब्द. खोक्यात झळकतात, गाडीवर खोटे वाटतात. मुलाम्यावर ग्लू धरत नाही, जोडाची जागा खरवडावी लागते. दिवे दोन अर्ध्यांचे, मधली सीम (जोडाची रेघ) घासली की मुलामा जातो. मी सगळे ब्लीचमध्ये टाकून मुलामा उतरवला, घासून पुट्टी भरली, प्रायमर आणि साधा पितळी रंग दिला. रेडिएटरवर पातळ तपकिरी वॉश फिरवला की जुनं पितळ वाटतं. दिव्यांच्या काचा सुपरग्लूने लावू नका, धुरकटतात. पांढरा पाण्याचा गोंद पुरतो.

आणि पाइप! तोही विनाईलचाच. जाळीच्या टोपलीत वेटोळं करून ठेवायचा, म्हणजे खालच्या लाल रंगावर पडून राहणार. चाकांची गत पाहिल्यावर तो लगेच काढला. खालचा रंग चिकट व्हायला लागलाच होता. विजेची वायर त्याजागी घालावी असं बऱ्याच जणांना सुचेल, पण तिचं वेष्टणही बहुतेक पीव्हीसीच असतं, उपयोग शून्य. मी सुती दोरी पातळ गोंदात भिजवली, वेटोळं करून वाळवली आणि राखाडी रंगवली. विनाईलपेक्षा खरी दिसते.

रेझिनचे तयार टायर वेगळे विकत मिळतात. किटच्या पैशात टायर आलेले असताना पुन्हा टायरला पैसे मोजायचे, हे मला मान्य नाही. जुनेच टायर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वापरतेय. त्यांचा रंग मळकट पांढरा आहे तो बरोबरच आहे, काजळी घातलेले काळे टायर सर्रास व्हायच्या आधी रबर असंच दिसायचं. नव्या रिमना फॉइल लावली, मध्ये जोड येऊ दिला नाही आणि कडा लाकडी काडीने दाबून बसवल्या. आतल्या वळणावर फॉइल सुरकुतते तिथे नळकामातली पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळली, टायर चढल्यावर ती दिसत नाही. शिवाय दोन्ही ॲक्सलखाली लाकडाचे ठोकळे दिलेत, वजन चाकांवर येऊच द्यायचं नाही.

सध्या चाकं ठीक आहेत. दर पंधरवड्याला मागचा एक टायर कडेने उचलून बघते. इंजिन आणि टाकी यांसाठी हे किट मी आजही घ्यायला सांगेन, पण खोका उघडल्याबरोबर टायर आणि पाइप कागदात गुंडाळून वेगळे ठेवायचे आणि फॉइल हाताशी असल्याशिवाय चाकांच्या पानापर्यंत जायचं नाही. विक्रेत्याला विचारून बघा, नव्या खोक्यांत पॉलिस्टायरीनचेच टायर येत असतील तर तेच घ्या. दोन अर्ध्यांतली सीम घासावी लागेल, पण चाक टिकेल.