भोसरीतल्या मशिन शॉपसाठी सोशल मीडियावरून भरती: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत मशिन शॉप, म्हणजे मशिनवर धातूचे भाग बनवायचा कारखाना आहे, मी तिथे एचआर बघतो. आजवर माणसं ठेकेदाराकडून यायची, नाहीतर गेटवर बोर्ड लावायचा. दिवाळीला गावी गेलेले तीन ऑपरेटर परतलेच नाहीत, तेव्हापासून फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून भरती सुरू केली.

पहिली पोस्ट वाया गेली. 'अनुभवी ऑपरेटर पाहिजेत, आकर्षक पगार' एवढंच लिहिलं होतं. दिवसभर फोन, आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच: "सर, हातात किती येणार? रूमची सोय आहे का? पैसे भरावे लागतील का?" तिसऱ्या प्रश्नाचं वाईट वाटायचं. मग आमचीच पोस्ट कुणीतरी नंबर बदलून फिरवली आणि परभणीकडचा एक मुलगा 1,500 रुपये 'रजिस्ट्रेशन' भरून थेट गेटवर आला. त्याला आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, मग जेवायला बसवलं. त्या दिवसापासून 'आम्ही एक रुपयाही घेत नाही' ही ओळ पोस्टमध्ये सगळ्यात वर असते आणि नंबर फोटोवरच छापलेला असतो.

आता हातात येणारा पगार, शिफ्टची वेळ, दुप्पट दराने ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय, जवळचा बसस्टॉप, मशिनचा कंट्रोलर फॅनुकचा आहे की सीमेन्सचा, सगळं लिहितो. फोन निम्म्यावर आले, पण येतात ते कामाचे. सुपरवायझरने मोबाइलवर काढलेला साधा व्हिडिओ आयटीआयची पोरं आवडीने बघतात. फक्त ग्राहकाचा जॉब (म्हणजे मशिनवर बनणारा भाग) किंवा त्याचं ड्रॉइंग त्यात दिसू देऊ नका. आम्हाला एक व्हिडिओ तातडीने काढावा लागला होता. लिंक्डइनवरून क्वालिटी इंजिनिअर चांगला मिळाला, ऑपरेटर एकही नाही.

सगळ्यात टिकली ती आमच्याच कामगारांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून आलेली माणसं. स्टेटस 24 तासांत जातं, पण ते बघणारा गावचा असतो, रूम पार्टनर असतो. इथे पगार वेळेवर होतो का, हे त्याने आधीच विचारलेलं असतं. अडचण एकच. एका गावची चौघं एकाच खोलीत राहतात आणि गावच्या जत्रेला चौघंही एकदम सुट्टीवर जातात. म्हणून आता एका मशिनच्या दोन्ही शिफ्टला एकाच गावची माणसं ठेवत नाही.

निवड मात्र शॉप फ्लोअरवरच करतो. प्रोफाइलवर 'व्हीएमसी सेटर' (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचं सेटिंग करणारा) लिहिलेल्या एकाला व्हर्नियर या मापाच्या साधनावरचं 0.02 मिमी वाचता आलं नाही. आणि प्रोफाइलच नसलेल्या लातूरच्या एका मुलाने जॉब हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "सर, याला बर आहे." बर म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची धार. दुसऱ्याच दिवशी त्याला रुजू करून घेतलं.