ठासणीच्या रायफलीसाठी पितळी दारूमाप: काम चोख, स्क्रू कच्चा

दांडी सरकवून १० ते १२० ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक, पण इथे तेवढ्या काळ्या दारूला लागणारी जागा मोजली जाते) लावता येणारं हे माप. वरचं फिरतं नरसाळं जादा दारू कापून पातळी सपाट करतं, आणि खरी किंमत त्याचीच आहे. पितळ असल्याने ठिणगीची भीती नाही.

खोट आहे ती स्क्रूमध्ये. माप टिचकावताना तो ढिला होतो, दांडी एखादी खूण खाली सरकते आणि ६० चे ६५ कधी झाले ते कळत नाही. दर बार भरण्याआधी खूण बघायचीच. टिचक्याही दर वेळी तेवढ्याच मारा. दारू दबली की त्याच खुणेत जास्त मावते.

.५० कॅलिबरला (नळीचा व्यास अर्धा इंच), चिंधीत गुंडाळून ठासलेल्या गोल गोळीसाठी, ५० ग्रेन एफएफजीपासून (मध्यम दाण्याची काळी दारू) ५-५ ने चढत जावं. प्रत्येक मापाला ५ गोळ्या, दोन बारांमध्ये ओल्या चिंधीने नळी पुसणं, आणि रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल मर्यादेपुढे अजिबात नाही. निशाणावरचा गोळ्यांचा गट आवळत जातो, मग पुन्हा फुटतो. तिथून मागे या. पडलेली चिंधी जळकी किंवा फाटकी दिसली तर दोष दारूचा नसून चिंधीचा असू शकतो.

पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू) याच खुणेवर भरा. ती वजनाला हलकी असते, काळ्या दारूइतकी तोलून भरली तर बार जड होतो. बिनधुराची दारू यात कधीच नको, नळी फुटेल. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीतही ओतू नये: आत निखारा उरला असेल तर हातातलं सगळं शिंगच पेटतं.