वॉटर पंपाची पुली मोठी केली : सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी जुनी जिप्सी, इंजिन १३००, हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा मोठ्या) केलेलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, त्यामुळे आता ७००० आरपीएमपर्यंत आरामात फिरतं. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून बेल्ट पंपाची पुली फिरवतो. कंपनीने या पुल्यांची मापं काढली तेव्हा एवढा वेग कोणी धरला नसणार. पंपाची पुली मोठी केली की पंप मंद फिरतो, म्हणून हा खटाटोप.

बाजारात जो तो एकच सांगतो, क्रँकची पुली लहान टाक, पॉवर सुटेल. सुटते थोडी, पण क्रँकची पुली लहान केली की पंप, अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारा), एसी सगळेच एकदम मंद होतात, आणि मला मंद करायचा होता फक्त पंप. शिवाय ज्या इंजिनांत क्रँक पुलीच्या मध्ये रबराचा थर असतो तिथे ती पुली क्रँकशाफ्टची कंपनं खाते, ती काढून साधी अॅल्युमिनियमची बसवायची म्हणजे उगाच दुखणं विकत घेणं.

रेशोचा, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात दुसरी पुली किती फिरते याचा, हिशोब सरळ आहे, क्रँक पुलीचा व्यास भागिले त्या पुलीचा व्यास. माप बेल्ट जिथे बसतो तिथलं घ्या, पुलीच्या बाहेरच्या कडेचं नको. माझ्याकडे क्रँक १३० मिमी, पंप ११०, म्हणजे रेशो १.१८, ७००० ला पंप जवळपास ८३०० ने गरगरतो. इतक्या वेगात पंपाच्या पात्यांमागे बुडबुडे होतात, पाणी ढकललं जाण्याऐवजी नुसतं घुसळलं जातं. नाशिकच्या अंबडला लेथवर पंपासाठी १२५ ची पुली करून घेतली, रेशो १.०४, आता तोच आकडा ७३०० च्या आत. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग बाराच टक्के उतरला तरी ताकद साधारण एक तृतीयांश कमी लागते. चालवताना फरक जाणवतो का? खरं सांगू, नाही. पिकअपसाठी करत असाल तर पैसे टायरवर घाला.

जाणवलं ते कसाऱ्याच्या घाटात. खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणून चढताना तापमानाचा काटा आधी मधल्या रेघेच्या वर जाऊन बसायचा, आता रेघेवरच राहतो. रेडिएटरचं झाकण मात्र नवीन घातलं होतं, तेही सांगितलं पाहिजे, कारण झाकण प्रेशर धरत नसेल तर बुडबुडे लवकर होतात आणि मग कुठलाही रेशो घ्या, उपयोग नाही.

तोटा नाशिकमधल्या द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये कळतो. ९०० च्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पंप आधी १०६० ने फिरायचा, आता ९४० च्या आसपास, मेच्या उन्हात एसी लावून उभं राहिलं की रेडिएटरचा फॅन पहिल्यापेक्षा जास्त वेळा लागतो. आणि इलेक्ट्रिक फॅन लागला की करंट अल्टरनेटरनेच द्यायचा ना! म्हणूनच त्याची पुली ५८ चीच ठेवली, रेशो २.२४, आयडलला तो दोन हजारांवर फिरतो. पावसात त्र्यंबक रोडला हेडलाइट, वायपर, ब्लोअर, फॅन सगळं चालू ठेवून उभ्या गाडीत मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १३.६ व्होल्ट. क्रँकची पुली लहान केलेल्या एका मित्राच्या गाडीत तेवढ्याच लोडला १२.४ दिसले, म्हणजे बॅटरी चार्ज होतच नाहीये, उलट खर्ची पडतेय.

बेल्ट साधारण २५ मिमी लांब लागला. पुली बसवल्यावर बेल्ट न चढवता हाताने फिरवून बघा, कड डुगडुगत असेल तर लेथवाल्याकडे परत न्या, सोडू नका. स्टीलची पट्टी लावून तिन्ही पुल्या एका रेषेत आणायला मला अख्खी दुपार गेली, एक पातळ वॉशर घालावा लागला. एवढ्या महिन्यांत टॉर्च मारून पुलीची खाच बघतो, चकाकी आलीय पण घळ पडलेली नाही. इगतपुरीच्या पावसात एकदा-दोनदा बेल्ट किंचाळला, ताण थोडा वाढवला, थांबला. जास्त नाही ताणायचा, पंपाचं बेअरिंग जातं.

ज्यांचा फॅन अजून पंपाच्याच शाफ्टवर आहे त्यांनी हे करू नका, पंपाबरोबर फॅनही मंद होईल. आधी इलेक्ट्रिक फॅन, मग पुली.